काठीचं दुसरं टोक

आमच्या महाडात रोलर हॉकी चातुर्मासात खेळतात. का, तर तेव्हा लग्नं नसतात आणि मंगल कार्यालय रिकामं असतं. बाहेर पाऊस, आत गुळगुळीत फरशी, स्टेजवर कुणाच्या तरी लग्नातली प्लॅस्टिकच्या फुलांची कमान, आणि तिच्यासमोर पायाला चाकं लावून, हातात काठ्या घेऊन चेंडूमागे धावणारी, म्हणजे बहुतेक वेळ पडणारी माणसं. हा क्लब काढला आमच्या ह्यांनी. आठवडाभर एमआयडीसीत पाळ्या करायच्या आणि सुट्टीला झोपायचं सोडून लोकांच्या पायांना स्केट्स बांधत बसायचं. हौस दांडगी!

महिन्यातून एका रविवारी नव्या माणसांना बोलावतात. त्या दिवशी ह्यांचं भाषण असतं. मला ते पाठ आहे, कारण घरी आरशासमोर तालीम होते. "हॉकी नंतर. आधी पडायला शिका. आणि घाबरू नका, मी हात धरतो." आणि खरंच धरतात हो! कॉलेजातली पोरगी असो, बँकेतले साहेब असोत, ह्यांचे दोन्ही हात पुढे. स्वतः उलटं सरकत, "शाब्बास, गुडघे वाकवा, वा वा" करत अख्ख्या हॉलभर फिरवून आणतात. घरी भाजी कशी झालीय विचारलं तर 'बरी' यापुढे शब्द फुटत नाही, आणि इथे शाब्बासक्यांची खैरात. मी कोपऱ्यात खुर्चीवर. हेल्मेट वाटायची आणि नंतर ते घामट गुडघ्याचे पॅड घरी नेऊन धुवायचे, एवढा मान माझा.

मलाही शिकायचं होतं. खोटं कशाला बोलू, चाकांपेक्षा मला त्या हाताचं अप्रूप जास्त होतं. माणूस वाईट नाही, पण चारचौघांत बायकोचा हात म्हणजे ह्यांना विजेची उघडी तार. बाजारात हे पुढे, मी मागे. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या वर्धापनदिनाला चवदार तळ्यावर मुंगीला शिरायला जागा नसते, तिथेसुद्धा मला म्हणाले, "माझ्या पिशवीचा बंद धर." बंद तुटला. मी गर्दीत भलतीकडे. शेवटी मी पुस्तकांच्या स्टॉलपाशी सापडले, तर वर हे मलाच ओरडले.

श्रावणातल्या एका रविवारी मी सगळ्यांदेखत उठले आणि म्हटलं, "अहो, मलाही एक जोडी द्या."

"तुला? अगं, पडलीस तर उद्या शाळेत वर्ग कोण घेणार?"

"पडायलाच तर शिकवता ना तुम्ही?"

लोक हसले, तेव्हा ह्यांचा नाइलाज झाला. खाली बसून माझ्या स्केट्सच्या नाड्या बांधल्या, पण मान काही वर केली नाही. मी उठले. एक पाय स्टेजकडे निघाला, दुसरा दाराकडे. मी दोन्ही हात पुढे केले. ह्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हॉकीची काठी पुढे केली.

"हिचं टोक धर."

असा राग आला म्हणून सांगू! पण धरलं. दाव्याला बांधलेल्या रेडकासारखी मी ह्यांच्यामागून ओढली जात होते. भिंतीला टेकून एक धिप्पाड गडी बसला होता. पोलादपूरकडचा, कंपनीतला कामगार. मी पोलादपूरच्या शाळेत शिकवते, त्याची लेक माझ्याच वर्गात. थोड्या वेळापूर्वी ह्यांनी त्यालाही हॉलभर फिरवला होता. तो अगदी सरळ मनाने म्हणाला, "सर, माजा हात धरलात, पडलो तवा कवळा मारून उचललात. मग बाईंना काठी कशाला? बाई काय परक्या हायत?"

ह्यांचे कान लाल झाले. "तिला काठीची सवय व्हावी म्हणून," म्हणाले.

मी काठी सोडून दिली. हॉलच्या मधोमध, धरायला काही नाही, पाय लटपटतायत. "मी नाही धरत काठी. पडले तर पडले," वर्गात पोरांना दटावते त्या आवाजात मी बोलले. मनातून मात्र भयंकर भ्याले होते. पडण्याला नाही. आता हे पाठ फिरवून दुसऱ्या कुणाकडे गेले, तर या हॉलची पायरी मी पुन्हा चढणार नव्हते.

ह्यांनी काठी खाली ठेवली. जवळ आले. आधी एक हात पुढे केला, मग दुसरा.

आम्ही निघालो. शाब्बास नाही, वा वा नाही. नजर सगळा वेळ फरशीवर. तळवे बर्फासारखे गार, आणि थरथर माझी नव्हे, ह्यांची चाललेली. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याबरोबर दिसण्यात ह्यांना कमीपणा वाटतो. मनातल्या मनात किती भांडले होते मी त्यावरून! आणि हा माणूस नुसता घाबरत होता.

"घट्ट धरा हो," मी हळूच म्हटलं, "पडाल."