डाव्या हाताची तीन बोटे

आमच्या गल्लीत बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, काम होळीनंतर सुरू होते. ज्वारीच्या पिठाचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजतो, आणि मग सगळ्या जणी तो ओल्या कापडावर हाताने थापून उन्हात वाळवतात. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या. जिच्या घरचे काम असेल तिने कोणाला बोलावायचे नसते, बाकीच्या येतातच. जी येत नाही ती या गल्लीत नुसती राहते, गल्लीची होत नाही.

मी इथे आले तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होते. पतीने रनाळ्याजवळची घरची शेती स्वतः पाहायची ठरवली, तेव्हा नोकरी सोडली. तोवर गावाशी संबंध सणासुदीपुरता होता. अहिराणी समजत असे, पण बोलण्याचे धाडस होत नसे. आणि बिबडी थापणे तर ज्या वयात इथल्या बायका इतरांना शिकवतात, त्या वयात मला पहिल्यांदा शिकायचे होते.

गल्लीतल्या सर्वांत वडील बाईंना सगळे मोठी माय म्हणतात. माझी पहिली बिबडी त्यांनी उन्हाकडे धरून नीट पाहिली.

"मास्तरीन, हाई बिबडी शे का गुजरातना नकाशा?"

मी मास्तरीण कधीच नव्हते, पण ते नाव चिकटले. सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि त्याच हसण्याच्या आडोशाने उठून लसूण सोलायला बसले. बिबड्यांना लसूण भरपूर लागतो आणि तो सोलायला कोणी राजी नसते. त्यात कौशल्य नाही, बोलणे नाही, खाली मान घालून दिवस काढता येतो. मला हवे होते ते सगळे त्या कामात होते. पुढे कोणाच्याही अंगणात गेले तरी लसणाची टोपली माझी वाट पाहत असे.

दुसऱ्या उन्हाळ्यात माझ्या बोटांनी कुरकुर सुरू केली. आधी टोके कोरडी पडली, मग तडकली, मग खाज आणि लस. बँकेतल्या यंत्राला माझा डावा अंगठा ओळखू येईना. आमच्या भागात हाताची आग झाली की आरोपी ठरलेलाच असतो: मिरची. मी मिरचीला हात लावणे सोडले. फरक पडला नाही. कपड्यांची पावडर बदलली, भांड्यांचा साबण बदलला. औषधाच्या दुकानातून न विचारता मिळालेल्या एका ट्यूबने बोटे थोडे दिवस मऊ झाली, आणि ती थांबवताच दुप्पट फुटली. मोठी मायचे मत वेगळे होते. "आंगमधली गरमी शे, निंघू दे. दाबशी तं आत जाई." इतके शिकूनही मी ते निम्मे खरे मानले होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात घाटा शिजल्यावर नेहमीप्रमाणे सगळ्या तो तेल घालून खायला बसल्या. एकाच ताटलीतून खाण्याची पद्धत आहे. मी हात पुढे केला, आणि शेजारच्या सुनेने माझ्यासमोर एक वेगळी वाटी ठेवली. तिने ते इतक्या हळुवारपणे केले की राग धरायलाही जागा उरली नाही. मोठी माय मात्र आडपडदा ठेवणाऱ्या नव्हेत.

"मास्तरीन, हाई दुखनं लागस का?"

मी म्हटले, लागत नाही.

"तुले कोनी सांगं?"

खरेच मला कोणी सांगितलेले नव्हते. वेगळी वाटी मी संपवली. घरी येताना एवढेच कळत होते की आता मी आपण होऊन जाणे बंद करीन, कोणी कारण विचारणार नाही, आणि या गावातले माझे उरलेले आयुष्य चार भिंतींत जाईल. ते मला मान्य नव्हते. आजवर डॉक्टरांशी बोलण्यासाठी मी पतीला पुढे करीत असे. या वेळी सकाळच्या एसटीने एकटी धुळ्याला गेले.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होत्या. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारले की उजवा स्वच्छ कसा. डाव्या हातालाही सगळीकडे नव्हते. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे, तेवढीच. तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी जे जे करता त्याचा रिकाम्या हाताने अभिनय करा." परक्या माणसासमोर हवेत भाजी चिरताना मला अतिशय संकोच झाला. मी कणीक मळली, भांडी घासली, आणि मग लसूण सोलायला घेतला. उजव्या हाताने सुरी धरली, आणि डावी तीन बोटे न दिसणाऱ्या पाकळीवर मिटली. जिथे मिटली, नेमकी तिथेच ती फुटलेली होती.

त्यांनी खात्री करून घेतली. पाठीवर लहान लहान चकत्या चिकटवल्या, दोन दिवस आंघोळ बंद. चकत्या काढल्यावर बाकी जागा शांत होत्या; लसणातल्या एका घटकाखाली मात्र लाल फुगवटा उठला होता.

मग त्यांनी मला जे समजावले ते मी ग्रंथालयातल्या सवयीने मनात लावून ठेवले. त्वचेत पहारा देणाऱ्या पेशी असतात. परकी वस्तू वारंवार आत शिरली की त्या तिचा नमुना घेऊन काखेतल्या गाठींकडे जातात, आणि तिथे इतर पेशी तो शत्रू म्हणून पाठ करतात. पुढच्या वेळी त्या धावून येतात, पण पोहोचायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून मिरची लगेच झोंबते आणि पकडली जाते, लसूण मात्र निसटतो. प्रतिकारशक्ती कमी पडल्याने हे होत नाही. ती नको तिथे लढते, आणि त्या लढाईत आपलीच कातडी फाटते. गरमी आत जाण्याचा इथे प्रश्नच नव्हता.

मी विचारले, वर्षानुवर्षे लसूण हाताळला, मग आताच का? त्या म्हणाल्या, टोपल्यांनी सोललात तेव्हा शरीर शिकले. मी उशिरा शिकत होते, तसे तेही. फरक इतकाच की त्याला ते कायमचे पक्के जमले.

"औषधाने या पेशी शांत होतील, पण विसरणार नाहीत," त्या म्हणाल्या. "कच्च्या लसणाला हात लावायचा नाही. साधा रबरी हातमोजाही त्याला अडवत नाही. तुम्हाला शिजवलेला खायला हरकत नाही."

आधी तीव्र स्टिरॉइड मलम, त्यांनी ठरवलेल्या मुदतीपुरते आणि हळूहळू कमी करत. मग त्या पेशींना शांत ठेवणारे दुसरे, स्टिरॉइड नसलेले. ते पहिल्या आठवड्यात इतके झोंबले की फेकून द्यावेसे वाटले. झोंबेल हे आधी सांगितलेले होते, म्हणून मी दात आवळून लावत राहिले. हात धुतला की लगेच साध्या मलमाचा जाड थर, दिवसातून कितीही वेळा. बोटे बरी दिसू लागली तेव्हा थांबण्याचा मोह झाला; मागच्या ट्यूबची आठवण ठेवून थांबले नाही. पावसाळा, हिवाळा गेला. बँकेच्या यंत्राने अंगठा ओळखला.

पण माझा अवघड भाग पुढेच होता. होळी झाली, मोठी मायच्या अंगणात चूल पेटली, आणि मी पोहोचताच माझ्यासमोर लसणाची टोपली आली. ते काम म्हणजे माझी लपायची जागा होती. ती सोडायची तर मधोमध उभे राहावे लागणार होते. वाक्य मी आठवडाभर घोकले होते. लसूण मला चालत नाही, असे म्हणून टोपली मागे सरकवली.

"मंग थापशी का? नकाशा?" मोठी माय म्हणाल्या.

मी म्हटले, थापणार नाही. ओल्या, तिखट पिठात हात घालायला डॉक्टरांची मनाई आहे. आणि मग, या गावात पहिल्यांदाच, चारचौघींत त्यांच्या बोलीत बोलले.

"मी चाटू धरसू."

लांब दांड्याचा तो लाकडी चाटू वर्षानुवर्षे मोठी मायच चालवत. घाटा घट्ट होऊ लागला की खांदे भरून येतात, म्हणून तो कोणी मागत नाही. त्यांनी माझे हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले.

"लागत नही?"

"नही लागत. डाक्टरनी सांगं."

"धर मंग. पन घाटा बुडे लागना तं तूच खाशी."

बुडाशी थोडा लागलाच. लसूण तेवढ्यात सगळ्यांनी आपसात वाटून घेऊन सोलला होता. माझे दंड थरथरत होते, पण शेवटपर्यंत चाटू मी कोणाला दिला नाही. ठरल्याप्रमाणे करपलेला भाग ताटलीत माझ्यासमोर आला. मी त्यावर तेल घातले. मोठी मायने शेजारी बसकण मारली, त्याच ताटलीत बोटे घातली, आणि उद्या कोणाच्या अंगणात चाटू धरायला जायचे ते मला सांगू लागल्या.