पंप बदलल्याची तारीख

गाडी लिफ्टवर चढवलेली होती. मी खाली टॉर्च घेऊन उभा होतो आणि शेजारी वनिता खोब्रागडे मान वर करून गाडीचं पोट बघत होत्या. गिऱ्हाईक सहसा लिफ्टखाली येत नाही, एसीच्या केबिनमध्ये चहा पीत बसतं. या बाई आल्या, कारण त्या नर्स होत्या.

"पेशंट आत तपासून राह्यले आन मी बाहेर बसली, असं जमत नाई मले," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका डीलरकडे इव्हॅल्युएटर होतो. जुनी गाडी तपासायची आणि रिपोर्ट लिहायचा, एवढंच काम. रिपोर्टवर सही माझी आणि शिक्का डीलरचा. मग काचेवर 'सर्टिफाइड' असं स्टिकर लागायचं आणि गिऱ्हाईक निर्धास्त व्हायचं.

वनिताताईंची ड्युटी आलापल्लीच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात होती. आई, सुमनबाई, चामोर्शीजवळच्या गावात एकट्या. आईला शुगर, त्यात किडनीचा त्रास सुरू झालेला. दर पंधरा दिवसांनी तपासणीला गडचिरोलीला न्यायचं, तर बसमध्ये उभं राहणं त्यांना जमेना. म्हणून छोटी गाडी हवी होती. त्या दिवशी सुमनबाईही आल्या होत्या. गाडी खाली उतरवल्यावर त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि उतरायलाच तयार होईनात.

"मी मांगंच बसन," त्या म्हणाल्या. "समोर बसलं का झाडं आंगावर आल्यावानी वाटते."

गाडी पाच वर्षांची, पांढरी हॅचबॅक. पहिला मालक एक इंजिनीअर होता, बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेलेला. वनिताताई प्रत्येक गोष्ट विचारत होत्या आणि मलाही सांगायला बरं वाटत होतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायला लावला. पुरात बुडालेल्या गाडीचा बेल्ट वरून धुतात, पण आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. इथे रेघ नव्हती. दाराचं रबर ओढून वेल्डिंगचे डाग दाखवले. गोल आणि सारख्या अंतरावर असले तर ते फॅक्टरीचे, वेडेवाकडे असले तर गाडी ठोकलेली आहे असं समजायचं. तेही ठीक होते. पुढच्या शॉकरच्या माउंटिंगमधून टकटक आवाज येत होता. छोट्या गाड्या आपल्या रस्त्यांवर चालल्या की हा आवाज येतोच. क्लच जरा जड होता. दोन्ही रिपोर्टात लिहिलं.

मग मी ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर चेसिस नंबर टाकला. चेसिस नंबर म्हणजे गाडीचा जन्माचा नंबर. नंबर प्लेट बदलेल, मालक बदलेल, तो बदलत नाही. स्क्रीनवर लाल पट्टी आली: रिकॉल पेंडिंग.

रिकॉल म्हणजे कंपनीने स्वतःच कबूल करणं, की या काळात बनवलेल्या गाड्यांत अमुक पार्ट खराब आहे, गाडी आणा, फुकट बदलून देतो. या गाडीत तो पार्ट होता फ्युएल पंप. तो टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलतो. त्याच्या आतली प्लॅस्टिकची चकती फुगून अडकायची आणि चालती गाडी जागच्या जागी बंद पडायची. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा कडक होतो. हे लिफ्टवर दिसत नाही, टेस्ट ड्राइव्हला कळत नाही. बंद पडायच्या आदल्या दिवसापर्यंत पंप व्यवस्थित चालतो.

मी रिपोर्टात लिहिलं: फ्युएल पंप रिकॉल बाकी, बदलल्याशिवाय डिलिव्हरी देऊ नये. आणि तो गोखरे सरांकडे नेला. ते आमचे मॅनेजर.

त्यांनी वाचला आणि दार लोटून घेतलं.

"पार्ट स्टॉकमधी आहे का?"

"नाई सर. ऑर्डर टाकाव लागन."

"मग हे लिहून का करतं? बाई घाबरन, दुसऱ्याकडं जाईन. महिना संपून राह्यला, मेश्राम."

"सर, चालती गाडी बंद पडते याच्यात."

"हजारात एखादी पडते. पार्ट आला का बोलावून लावून देऊ. आन कंपनी मेसेज पाठवतेच ना मालकाले. ही लाइन काढ आन नवा रिपोर्ट आण."

मी नवा रिपोर्ट आणला. पहिला मी माझ्याच हाताने फाडला. कोणी माझा हात धरला नव्हता. नव्या रिपोर्टात 'रिकॉल' या रकान्यासमोर मी लिहिलं: नाही. खाली सही केली. बाहेर येऊन वनिताताईंना सांगितलं, "शॉकरचं काम आम्ही करून देतो, बाकी गाडी चांगली आहे." त्यांनी हात जोडले. सुमनबाईंनी मला गावाला जेवायला बोलावलं.

तिसऱ्या आठवड्यात पंप आले. दोनच होते. काउंटरवर येऊन ओरडणाऱ्या दोघांच्या गाड्यांना ते लागले. महिनाभराने आणखी आले. फाइलमध्ये वनिताताईंचा नंबर होता. मी तो दोनदा मोबाइलवर टाकला आणि दोन्हीदा पुसला. कामाची गडबड होती असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. "पंप बदलायला या" म्हटलं असतं, की त्या बाईने पहिला प्रश्न विचारला असता: तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

कंपनीचे मेसेज जात होते, तेही खरं. पण ते त्या बदली झालेल्या इंजिनीअरच्या मोबाइलवर जात होते. सिस्टीममध्ये नंबर त्याचाच होता. तो बदलायचं कामही आमच्याच ऑफिसचं होतं.

ऑगस्टमध्ये वनिताताई आईला काही दिवस आपल्या ड्युटीच्या गावी नेत होत्या, तेव्हा आष्टीहून आलापल्लीकडे जाताना जंगलातल्या वळणावर गाडी बंद पडली. त्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक चालतात. त्या दिवशी पाऊस होता, दोन्ही बाजूंनी चिखल. वनिताताईंनी स्टिअरिंग ओढून गाडी कडेला घ्यायचा प्रयत्न केला. ती अर्धीच निघाली. मागच्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला, पण भरलेला ट्रक ओल्या रस्त्यावर लगेच थांबत नाही. वनिताताईंचा खांदा मोडला. मागे बसलेल्या सुमनबाईंच्या पाठीचा कणा गेला. गडचिरोलीहून त्यांना नागपूरला हलवलं.

मला हे कळलं ते गाडी क्रेनवर लटकून आमच्या यार्डात आली तेव्हा. मागचा भाग सीटपर्यंत आत घुसला होता. सीटवर एक चप्पल होती. मी ती उचलली आणि कुठे ठेवू ते कळेना, म्हणून परत तिथेच ठेवली.

पाच-सहा दिवसांनी विम्याच्या सर्व्हेअरसाठी कागद काढायला मी पुन्हा तो चेसिस नंबर टाकला. लाल पट्टी नव्हती. हिरवी होती. रिकॉल कम्प्लीटेड.

आधी वाटलं नंबर चुकला. पुन्हा टाकला, तरी हिरवीच. मग यार्डात जाऊन बघितलं. आमच्या मॉडेलमध्ये पंप मागच्या सीटखाली, टाकीच्या वर असतो. कोणीतरी ती चेपलेली सीट कापून काढली होती आणि खाली नवाकोरा पंप बसवला होता. जी गाडी आता कधी चालणार नव्हती, तिला.

मी तडक केबिनमध्ये गेलो.

"सर, गाडी टोटल लॉस आहे. तिच्यात नवा पंप काऊन बसवला?"

गोखरे सर फाइलमधून डोकं न काढता म्हणाले, "प्रोसीजर आहे. पेंडिंग रिकॉल दिसला का क्लोज कराव लागते."

"तीन महिन्यापासून दिसून राह्यला होता."

"आता क्लोज झाला."

"जुना पंप कुठी आहे?"

"कंपनीले रिटर्न गेला. खराब पार्ट तिथी नष्ट करते, तुले माईत आहे." मग त्यांनी वर बघितलं. "मेश्राम, रिपोर्टवर सही तुही आहे. माही नाई."

हे मात्र त्यांनी खरं सांगितलं. मी जागेवर येऊन जॉब कार्डचं प्रिंट काढलं. जॉब कार्ड म्हणजे गाडीवर कोणतं काम कधी झालं त्याची नोंद. पंप बदलल्याची तारीख अपघातानंतर चार दिवसांची होती. प्रिंट घडी घालून खिशात ठेवलं आणि सुट्टीचा अर्ज दिला.

सुट्टी मिळेपर्यंत महिना गेला. तोवर सुमनबाईंना गावी आणलं होतं. मी गेलो तेव्हा वनिताताई एका हाताने त्यांना कुशीवर वळवत होत्या. दुसरा हात गळ्यात बांधलेला. दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी मदतीला पुढे झालो तर त्यांनी नुसती मान हलवून नको म्हटलं. सुमनबाईंनी मला ओळखलं. "जेवाले आले का?" एवढंच विचारलं.

मी प्रिंट पुढे केलं आणि सगळं सांगितलं. वनिताताईंनी उशी नीट केली, मग कागद वाचला.

"तुमाले कवापासून माईत होतं?"

"गाडी लिफ्टवर होती त्या दिवसापासून."

"मी तिथीच उभी होती, भाऊ."

"पार्ट नव्हता, ताई."

"मंग मी थांबली असती," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "दोन महिने म्हटलं असतं तरी थांबली असती. इतकी वर्सं बसनंच जाऊन राह्यली होती ना मी. मले का घाई होती?"

प्रिंट त्यांच्याकडेच ठेवून मी निघालो.

त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली. मी साक्ष दिली. डीलरच्या वकिलाने मला तीनच प्रश्न विचारले. रिपोर्टवर सही कोणाची? माझी. रिकॉलसमोर 'नाही' कोणी लिहिलं? मी. गोखरे साहेबांनी तसं लिहायला सांगितल्याचा काही कागद आहे का? नाही. पहिला रिपोर्ट मीच फाडला होता. पंपाबद्दल वकील म्हणाला, जुना पंप उपलब्ध नाही, तेव्हा गाडी त्याच्यामुळेच बंद पडली हे कशावरून? ओला रस्ता होता, बाईंचा क्लच सुटला असेल.

निकाल लागायला वेळ लागला. डीलरने रिकॉलची माहिती लपवली, ही सेवेतली त्रुटी मान्य झाली. अपघात पंपामुळे झाला, हे सिद्ध झालं नाही. सुमनबाई हे ऐकायला नव्हत्या. त्या आधीच्याच उन्हाळ्यात वारल्या, पाठीच्या जखमा चिघळल्या होत्या. मुलगी नर्स असूनही त्या जखमा थांबल्या नाहीत.

माझं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. गोखरे सर मोठ्या शोरूमला गेले. वनिताताई बसने ड्युटीवर जातात. एकदा मी त्यांना चामोर्शीच्या स्टँडवर बघितलं. त्यांनीही बघितलं, आणि त्या बसमध्ये चढल्या.

आता लोक मला गाडी दाखवायला बोलावतात. मी सांगतो, शॉकर, क्लच, एसी, गंज कोणताही मेकॅनिक बघेल. चेसिस नंबर तेवढा स्वतः लिहून घ्या, कंपनीच्या साइटवर स्वतः टाका आणि गाडी नावावर झाली की आपला मोबाइल नंबर तिथे चढवून घ्या. तपासणारा विकणाऱ्याच्या पगारावर असेल, तर त्याचा रिपोर्ट वाचण्यात वेळ घालवू नका. असे रिपोर्ट मी बरीच वर्षं लिहिले. अक्षर चांगलं होतं माझं.