डाव्या हाताला बोटं नसलेल्या बाया

मतदान सुरू झालं आणि पहिल्याच बाईच्या बोटावर खूण निघाली.

हे होऊच शकत नव्हतं. शाईच्या बाटलीचं बूच मी अजून काढलं नव्हतं. मतपेटी उलटी करून सगळ्यांना दाखवली होती, सीलची लाख अजून मऊ होती. तरी टेबलावर आलेल्या डाव्या हाताचं पहिलं बोट काळंभोर होतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मतदानाची रीतही बदलली होती. आधी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. आता पेटी एकच, आणि कागदावर शिक्का मारायचा. शाई आधीही लावायचे, पण ती घासली की जायची. मग एकच माणूस दोन-तीन नावांवर मत टाकून यायचा. म्हणून नियम कडक केले. शाई पक्की आली. लावताना ती फिकी दिसते, उन्हात गेली की काळी पडते. मत द्यायच्या आधी डाव्या हाताचं पहिलं बोट तपासायचं, आणि त्यावर खूण असली तर मतपत्रिका द्यायची नाही.

ते बोट तपासायचं काम माझं होतं. मी दापोलीकडचा. सहावीत शाळा सुटली. पोटासाठी खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये आलो, आणि वानखडे सरांनी शब्द टाकला म्हणून चिखलीच्या तहसिलीत हंगामी शिपाई झालो. हायस्कुलातले हे सर माझे कोणी नव्हते. तरी त्यांनी परक्या मुलुखातल्या पोराला जेवू घातलं, कामाला लावलं. त्या दिवशी केंद्राचे प्रमुख, म्हणजे प्रिसायडिंग ऑफिसर, तेच होते. माझ्या हातून काही चुकलं तर त्यांची मान खाली जाईल, या धास्तीनं सकाळचा चहाही मला गेला नव्हता.

उंद्रीच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेलं ते गाव. शाळेची एकच खोली. दारातून ऊन सरळ माझ्या डोळ्यांवर यायचं. आत येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही, नुसता अंधारा आकार. उजेडात फक्त टेबलावर ठेवलेला हात.

"मावशी, मत देऊन आलात का?" मी विचारलं.

ती बोलली नाही. हात मात्र तसाच ठेवला.

मी तिला बाजूला उभं केलं. दुसरा हात आला. तोही काळा. तिसरा आला, त्याची तर पाचही बोटं काळी, कातडी तडकलेली. कोणी बोलेना. रांगेतून एक एक हात पुढे यायचा आणि माझ्यासमोर उताणा व्हायचा. बांगड्यांचा तेवढा आवाज. त्या बाया आमच्या आधीच कुठेतरी मत देऊन आल्या आहेत, दुसऱ्याच कुठल्या पेटीत, असं वाटून माझ्या अंगावर काटा आला.

"सर," मी हाक मारली.

सर आले. त्यांनी पहिल्या बाईला विचारलं, "बाई, हे कशानं झालं?"

"बोलू का?" ती म्हणाली. "दारातल्या पोलिसानं सांगतलं, आत गेल्यावर बोलाचं नाई."

"बोल, माय, बोल!"

"जयभीम, सर. मी कौसाबाई. बिब्बे फोडतो आम्ही. त्याचं तेल हाय हे."

आमच्याकडे बिब्बा म्हणजे करणी उतरवायला घरात जपून ठेवलेली वस्तू. इथे डोंगरात त्याची झाडंच. हिवाळा संपता संपता बाया बिब्बे गोळा करतात, डाव्या हातात धरून दगडानं फोडतात आणि आतली गोडंबी विकतात. त्याचं तेल कातडीला लागलं की जळतं आणि डाग महिना-महिना जात नाही. परीट कपड्यावर खुणा करतो तो यानंच.

मला हायसं वाटलं. पण कोपऱ्यातून भगवानराव उठले. ते एका उमेदवाराचे एजंट, म्हणजे लक्ष ठेवायला बसवलेला माणूस.

"शाईवाले, कोकणात फक्त सुकट ओळखता येते का तुम्हाले?" ते मला म्हणाले आणि सरांकडे वळले. "काळ्याखाली काळं असलं तर सायबाले कसं समजन? बोटाले खूण हाय. नियम म्हणते, कागद देऊ नका."

"भगवानराव, या बायायचे हात तुम्ही रोज पाहता," सर म्हणाले.

"माह्या पाहण्याचं काय घेऊन बसले? नियम पाहा."

कौसाबाई मधेच बोलली. "मांगच्या बारीले मी आली, त माह्या नावानं दुसरीच टाकून गेली होती. मले म्हणे, तुहं झालं. आजबी म्हणता तुहं झालं. मंग माहं होते कवा?"

तिच्यासारखीचं मत चोरीला जाऊ नये म्हणूनच तर ती शाई आली होती.

सरांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "पेटी रिकामी होती, बाटली बंद होती. म्हणजे या बायांनी मत दिलेलं नाही. प्रश्न फक्त नवी खूण कुठं करायची त्याचा. नियमात आहे, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या हाताला लावा. यायची डावी बोटं सगळीच डागली आहेत, उजवे हात बरे आहेत. कौसाबाई, तुमच्या डाव्या हाताला बोटं नाहीत असं मी लिहितो."

ती हाताकडे पाहत राहिली. "हायेत ना, सर."

"आहेत. पण कागदावर नाहीत."

मागे रांगेत कुजबुज उठली. एक म्हातारी म्हणाली, "कौसे, असं अभद्र लिहून घेऊ नको व. सरकारचं लिहिलेलं खरं होते."

कौसाबाईनं डावी मूठ मिटली. पुन्हा उघडली. बोटं आहेत की नाहीत ते पाहावं तशी.

"लिहा," ती म्हणाली.

मी तिच्या उजव्या बोटाला शाई लावली. तिच्यामागे सगळ्या बिब्बेवाल्या बाया आल्या आणि प्रत्येकीनं जाताना डावा हात पदराखाली घेतला. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

भगवानरावांनी तक्रार केली. ती फेटाळली गेली आणि मतं मोजली गेली. सर सुटले, मीही सुटलो असं वाटलं. पण सरांचा रिपोर्ट वर गेला होता, आणि वर कोणीतरी तो वाचला. एकाच गावात इतक्या बायांच्या डाव्या हाताला बोटं नाहीत, म्हणजे महारोगच असणार! होळी होऊन गेल्यावर डॉक्टरांची जीप निघाली. गाव माहीत असलेला म्हणून मला बरोबर दिलं.

विहिरीवर बाया पाणी काढत होत्या. एका दोराला दोघी-दोघी, आणि प्रत्येकीचा एकच हात. डावा पदरात. भर दुपारी ते पाहून डॉक्टर जीपमधून उतरेनात.

"डाव्या हाताला काय झालं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"बोटं नाईत," कौसाबाई म्हणाली. मला ओळखून तिनं पदर आणखी घट्ट धरला. "घरात बोटं राह्यते. बाहेर नाई काढत. सरनं लिहिलं हाय. कोनी बोटं पाह्यले तं मत कटन ना, बापू?"

"मावशी, ते त्या दिवसापुरतं होतं. पेटीत पडलेलं मत आता कोणी काढत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं हात बाहेर काढला. डाग गेले होते, खाली नवी गुलाबी कातडी आली होती. मग एकेक करत सगळ्यांनी काढले. डॉक्टरांनी हात तपासले, "बोटं आहेत" असं लिहिलं आणि आम्ही परतलो.

पुढे मी नोकरीत कायम झालो. अंगठा घेताना कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवायचो, आणि ते कधीपर्यंत लागू आहे तेही सांगायचो. साहेब लोक वैतागायचे, वेळ जातो म्हणून. जायचाच.