तिसऱ्या मजल्याखालचा टेकू

करवत डाव्या हातात धरणाऱ्या माणसाचा काप किंचित उजवीकडे झुकतो. गणपत घाडींचा जन्म सुतारकामात गेला. आधी गिरणीच्या सुतारखात्यात, ती बंद पडल्यावर लालबागच्या मांडवांवर आणि लोकांच्या दारं-खिडक्यांवर. हा झुकाव मात्र त्यांना कधी घालवता आला नाही.

करी रोडची त्यांची चाळ टॉवरसाठी पाडली, तेव्हा एका संग्रहालयाने तिच्या सामाईक गॅलरीचा एक भाग सुटा करून, लाकडांवर नंबर टाकून नेला. दुसरा आणि तिसरा असे दोन मजले, सहा सागवानी खांब. जुन्या गिरणीच्या शेडमध्ये तो पुन्हा उभा करायला दर रविवारी चाळीतली जुनी माणसं आणि कॉलेजची मुलं जमत. खिळा चालणार नव्हता. खाचेत खाच बसवायची आणि लाकडी खुंटी ठोकायची, जशी मूळची होती तशी. हे काम येणारे एकटे गणपतच. मुलं त्यांना मिस्त्रीकाका म्हणत. सत्तरीत हे ऐकायला त्यांना आवडायचं, जरा जास्तच.

चौथ्या रविवारी पाच खांब उभे झाले. प्रत्येक खांबातून एक तिरका टेकू निघून वरच्या मजल्याची गॅलरी तोलत होता. सहाव्याचा टेकू सापडेना. वीतभर लांबीचं एक थोटूक तेवढं मिळालं, वरच्या टोकाचं.

काम बघणाऱ्या नूपुरने सांगितलं, हरकत नाही, तुटलेलाच दाखवू. त्याची पाटीही तिने लिहून ठेवली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या पिंपाच्या भाराने हा टेकू मोडला आणि गॅलरी खचली, असा मजकूर होता. तिला तो सुभद्रा परबांनी सांगितला होता. पिंप त्यांचंच.

सुभद्राबाई खुर्चीत बसून खुंट्यांना तेल लावत होत्या. मान वर न करता, गणपतकडे हात करून म्हणाल्या, "माझंच चुकलं तेव्हा. भावजींनी बघून सांगितलेलं. नाव नको हां घालू गो पाटीवर."

गणपतनी थोटूक हातात घेतलं. मोडलेल्या लाकडाला तुसं असतात. हे टोक साफ होतं आणि उजवीकडे झुकलेलं होतं.

तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी साडेसहा फुटी लोखंडी कपाट घेतलं होतं. सुभद्राबाईंच्या बरोबर खालच्या त्यांच्या खोलीत मावेना, म्हणून दारापुढे गॅलरीत ठेवायचं ठरलं. टेकू आडवा येत होता. सगळे गणेशोत्सवाला गावी गेले असताना त्यांनी तो कापला, खांबाची खाच लांबी-पुट्टी भरून बुजवली, वर ऑइलपेंट मारला. दोन वर्षांत वरची गॅलरी बोटभर खाली आली. चाळकमिटीने पाहणीसाठी सुतार बोलावला, तो गणपतच. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पिंपाकडे बोट दाखवलं. वजन, म्हणाले. पिंप गेलं. वरच्या मजल्यावर नळाला जोर नव्हता. चाळ पडेपर्यंत सुभद्राबाईंनी तळमजल्यावरून हंडे वाहिले. गणपत जिन्यात भेटले की हंडा क्षणभर टेकवून त्या त्यांना आधी वाट देत.

आताही गप्प राहता आलं असतं. तो काप वाचणारं दुसरं कुणी तिथे नव्हतं. पाटी लागली असती, मुलांनी मिस्त्रीकाकांबरोबर फोटो काढला असता.

"पाटी खोटी आहे," ते नूपुरला म्हणाले. मग सुभद्राबाईंकडे वळले, पण बोलताना त्यांना थोटकाकडेच बघावं लागलं. "वहिनी, हा मोडला नाही. मी कापला. कपाटासाठी."

तेल लावणारा हात थांबला. सुभद्राबाईंनी हिशेब लावल्यासारखं पाहिलं.

"म्हणजे पिंप ठेवलेलं चालत होतं?"

"चालत होतं."

"आणि कमिटीसमोर तुमी—"

"हो."

मुलं उगाच आपापले मोबाईल बघू लागली. एकाने हळूच विचारलं, हे पाटीवर लिहायचं का. नूपुरने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. गणपत म्हणाले, लिहा, नावासकट लिहा. ते बोलल्यावर त्यांना वाटलं होतं थोडं हलकं वाटेल. नाही वाटलं.

सुभद्राबाईंनी नूपुरला विचारलं, मांडायच्या सामानात पिंप आहे ना. होतं, निळं, त्यांचं नव्हे पण तसलंच. त्या म्हणाल्या, माझ्या दारासमोर ठेवायचं, भरून. शेडमध्ये पाणी चालणार नाही, असं नूपुरने समजावलं. मग वाळूच्या पिशव्यांवर ठरलं.

गणपतनी त्याच दुपारी नवा टेकू तासला. बसवताना दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. सुभद्राबाई जवळच होत्या. त्या उठल्या नाहीत. शेवटी एका मुलीने धरलं.

खुंटी बसली. मुलांनी पिंप वर चढवलं, एकेक पिशवी आत सोडली. गॅलरी केसभरही हलली नाही. तरी शेवटची पिशवी पडेपर्यंत गणपत खाली उभे होते, डावा हात तुळईला लावून. सुभद्राबाई खुर्चीतून तो हात बघत होत्या.