व्यंकटची गळती

श्रीगणरायाला आणि आमच्या नांदेडच्या गोदामाईला हात जोडून, औशाचे माझे स्नेही व्यंकटराव यांच्या स्मरणार्थ या चार ओळी लिहीत आहे. त्यांना जाऊन महिना झाला. लिहिताना मान वर होत नाही.

व्यंकट शिरूर अनंतपाळच्या शाळेतला माझा धाकटा सोबती. मी संस्कृत शिकवू लागलो, तो लग्नांचे शूटिंग करू लागला. त्याच कॅमेऱ्यावर त्याने एक चित्रपट काढला, 'प्रयोगशाळेतील प्रेत'. हे नाव उच्चारायलाही मला संकोच वाटे. मेलेल्या बायकोला उठवू पाहणारा एक वेडा शास्त्रज्ञ त्याने स्वतःच रंगवला. बंद पडलेला तेलघाणा ही प्रयोगशाळा, मांडवातले हिरवे दिवे ही वीज, धूर लोबानाचा. प्रेत झालेला त्याचा मेहुणा त्या धुराने शिंकत असे. आज मुले तो मोबाइलवर पाहतात, त्यातले संवाद एकमेकांना ऐकवतात.

त्या प्रयोगासाठी त्याने माझी गळती मागितली. पिंडीवर टांगतो ते, बुडाला छिद्र असलेले तांब्याचे अभिषेकपात्र. मी म्हणालो, "व्यंकटा, रुद्राची धार प्रेतावर धरणार का?" तो हसला. "धार तीच राहती गुरुजी, खाली कोण हाय एवढंच बदलतं." मला नाही म्हणवले नाही. चिंचेने लख्ख घासून त्याने ती परत आणली, आणि मी ती माळ्यावर टाकून नवी घेतली. श्रावणी सोमवारी तो आला, पिंडीवरची नवी गळती त्याने पाहिली. पुढे मात्र तो देवघरात न येता उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करू लागला.

शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात झाली. आवाज खोल गेला होता. त्याने विचारले, "पिक्चर बघितलाव का, गुरुजी?" मी तो कधीच पाहिला नव्हता. पण आजारी माणसाचे मन का मोडा, म्हणून म्हणालो, "पाहिला." "गळती दिसली?" "दिसली." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केले. थकला असेल, असे मला वाटले...

तेराव्याला औशाला गेलो. पंगती उठल्यावर त्याची मुलगी सुनंदा म्हणाली, "काका, तुम्ही बघितलावच, पण आज आमच्यासंगं बसा." बसलो. पडद्यावर व्यंकट आला. केस पिंजारलेले, डोळे तांबारलेले, हसणे अंगावर येणारे. मेहुणा पांढऱ्या पट्ट्यांत निजलेला, वर माझी गळती. व्यंकट तावातावाने पुढे झाला आणि एकाएकी थांबला. पायातले बूट काढले. गळतीला हात लावून कपाळी नेला. मगच छिद्रातला दर्भ सैल केला.

कोणी हसले नाही. सुनंदा हळू आवाजात म्हणाली, "हे लिहिलेलं नव्हतं. बाबा म्हणायचे, गुरुजीची वस्तू हाय, बूट घालून कसा हात लावू? एकदा का त्यांनी हे बघितलं, की ती परत टांगतील."

मी सत्यं वद शिकवत जन्म घालवला. दोन शब्दांचे खोटे बोललो आणि मित्राला निराश करून धाडले. पडद्यावरचा तो नमस्कार पाहूनही मी गळती टांगली नाही, असे समजूनच तो गेला. आता कोणाला सांगू, की मी पाहिलेच नव्हते?

नांदेडला परतताच माळ्यावरून गळती काढली. काळी पडली होती. चिंचेने मीच घासली, घरच्यांना हात लावू दिला नाही. आता रोज तिचीच धार पिंडीवर असते. छिद्र त्याने किंचित मोठे केले असावे. पाणी जरा घाईने पडते, व्यंकटच्या बोलण्यासारखे. रुद्र म्हणताना माझी नजर उंबऱ्याकडे जाते...

वाचकहो, आपल्या घरी आलेला स्नेही उंबऱ्याबाहेर कधी न थांबो. आपल्या मुलाबाळांवर शंभूची कृपाधार अखंड राहो.