जड माल लावून बघितलेला कॉम्प्युटर

...तर मग चांगदेवने काय करावं, सरळ काउंटरच्या आत शिरला, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात घातला आणि चालू कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून उभा राहिला. डोळे मिटलेले. दुकानदार मिथुन हातात स्क्रू ड्रायव्हर धरून तसाच थांबला. आणि चांगदेवची नात उन्नती, जिच्यासाठी ही सगळी खरेदी चालली होती, ती समोरच्या दुकानाची पाटी अशी मन लावून वाचायला लागली, जसं काही हे म्हातारे गृहस्थ तिच्याबरोबर आलेच नव्हते.

मिनिटभराने चांगदेव सरळ झाला आणि म्हणाला की मागच्या अंगाला काहीतरी घासतंय. मिथुन हसला. सगळं नवीन आहे काका, म्हणाला, आज सकाळीच बसवलंय मी. तरी गिऱ्हाइकाचं मन राखायला त्याने झाकण काढलं. मागच्या पंख्याच्या पात्याला एक बारीकशी वायर टेकत होती. मिथुनने ती मागे ओढून बांधली, झाकण लावलं, आणि त्यानंतर तो चांगदेवशी जरा जपून बोलायला लागला.

हा कान मुळात कॉम्प्युटरसाठी तयार झालेला नव्हे. चांगदेव खारबावचा. गावच्या शाळेत सातवी केली आणि भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात लागला. आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग लूम चालवला, मग जॉबर झाला. लूम बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. चाळीस लूम एकदम खडखडत असताना, जिथे खांद्याला खांदा लावलेल्या माणसाचं बोलणं कळत नाही, तिथे हा दारातून आत येता येता सांगायचा की तिसऱ्या रांगेतला पाचवा बघा, पट्टा सैल झालाय त्याचा. चौतीस वर्षं हेच केलं. शेटलोक जुना लूम विकत घ्यायला निघाले की चांगदेवला बरोबर नेत, आणि याचा नियम एकच. जड माल, म्हणजे घट्ट विणीचं जाड कापड, लावायचा, पुरी शिफ्ट चालवायचा, मग किमतीचं बोलायचं.

हा नियम त्याने कारखान्यातच ठेवला असता तर घरच्यांचे हाल वाचले असते. पण ड्युटी सुटली तसा तो नियमासकट घरी आला. पंखा घ्यायला गेला तर दुकानात पंख्याखाली खुर्ची टाकून बारा ते चार बसला. शेवटचा दीड तास तर चक्क घोरत होता, आणि जाग आल्यावर म्हणाला, पास. बायकोला, जानकीबाईंना, मिक्सर हवा होता तर घरून दोन किलो हळकुंडं पिशवीत घालून नेली. दुकानदाराचा सदरा संध्याकाळपर्यंत पिवळा. थोरल्या लेकीला, वैशालीला, बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तर याने मुद्दाम भातलावणीच्या दिवशी बोलावलं. मुलगा ऑफिसातला, कडक इस्त्रीची पँट घालून आलेला. ती पँट गुडघ्याच्या वर दुमडून बिचारा दिवे लागेपर्यंत चिखलात होता. पास झाला, लग्न झालं, संसार छान चाललाय. फक्त लावणीचा आठवडा आला की जावयाची कंबर धरते.

तर अशा माणसाकडे कॉम्प्युटरची मागणी गेली होती. उन्नती भिवंडीच्या कॉलेजात आयटीच्या पहिल्या वर्षाला. इतके दिवस मोबाइलवर प्रोग्रॅम लिहीत होती, म्हणजे बशीत भाकरी थापण्यातला प्रकार. तिचा बाप ट्रान्सपोर्टमध्ये. वडप्याच्या गोडाऊनमधून गाडी भरून निघाला की आठवडाभर तोंड दिसत नाही. त्यामुळे घरातली खरेदी आजोबांकडे. चाळीस हजारांच्या आत बसव, म्हणाला चांगदेव, आणि वर अट घातली की मशीन फक्त अभ्यासाची. खेळ त्यात नावाला नको. याचंही कारण होतं. शेजारच्या रामनाथचा मुलगा कानाला मोठाले हेडफोन लावून खेळत बसला होता, तेव्हा ओटीवर वाळत टाकलेलं भात दोन म्हशींनी निवांत संपवलं होतं. त्याच्या पाठीमागे चार हातांवर. घरात असलं काही आलं तर कॉम्प्युटर आला तसा परत जाईल, हे चांगदेवने उन्नतीला दोनदा बजावलं होतं.

आता उन्नतीची अडचण ऐका. दर रविवारी ती मानकोलीला रियाकडे ग्रुप स्टडीला जाई. स्टडी व्हायची, नाही असं नाही, तासभर. त्यानंतर रियाच्या कॉम्प्युटरवर दोघी एका बेटावर उतरत. त्या खेळात शंभर जण उतरतात, एकमेकांना टिपतात, आणि शेवटी जो उरतो तो जिंकला. तिथे उन्नतीने स्वतःचं नाव ठेवलं होतं मांगूर, त्या माशासारखी कुणाच्या हाती लागत नाही म्हणून. मानकोलीपासून कल्याणपर्यंतची पोरं मांगूर दिसली की वाट बदलत. आणि घरी ही मुलगी विचारलं तर सांगायची की मला तर पत्तेसुद्धा नीट कळत नाहीत.

म्हणून तिने मिथुनशी आधीच फोनवर सगळं ठरवून ठेवलं होतं. अभ्यास आणि गेम दोन्ही चालायला हवं, पैसे एवढेच. मिथुनने सांगितलं की या पैशात लॅपटॉपचा हट्ट सोड, त्यापेक्षा डेस्कटॉप जोडून घे. वेगळं ग्राफिक कार्ड आत्ता नको, प्रोसेसरमध्येच असलेलं चालवू, पुढे कमवायला लागलीस की कार्ड बसव, जागा ठेवतो. मॉनिटर एका ऑफिसातून निघालेला, जुना पण चांगला. यावर उन्नतीने त्याला एकच विनंती केली होती की दादा, आजोबांसमोर गेम हा शब्द काढू नकोस.

मिथुनने शब्द पाळला. आणि चांगदेवला सगळं पसंतही पडत गेलं. लॅपटॉपपेक्षा डबा बरा, कारण डबा उघडता येतो, बिघडला तो भाग काढून नवा घालता येतो. सोळाची एक रॅम घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन का, हे त्याने विचारलं; दोघं मिळून माल आणतात म्हणून भराभर येतो, असं मिथुनने सांगितल्यावर मान डोलावली. वीज पुरवणारी चौकोनी पेटी मात्र, आत बसवली होती तसलीच दुसरी, त्याने हातात घेऊन तोलली, शेजारची स्वस्तातली तोलली आणि हलकी होती ती काउंटरच्या टोकाला सरकवून दिली. मोटर असो की काही असो, आत तांबं कमी घातलेलं हाताला कळतं, म्हणाला. मिथुन म्हणाला, काका, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या.

मग मिथुनने कॉम्प्युटरवर एकेक काम करून दाखवलं. कॉलेजचं पान उघडलं, हिशेबाचे तक्ते उघडले, प्रोग्रॅम लिहायची खिडकी उघडली. सगळं झटपट. चांगदेवने डब्यावर तळहात ठेवला होता. तो म्हणाला, "हा झाला रिकामा लूम. आता याच्यावर सगल्यात जड माल कुठला लावतात, तो लाव."

मिथुनने उन्नतीकडे पाहिलं. उन्नतीने डोळ्यांनीच नको नको केलं. पण ज्या माणसाने झाकणाआडची वायर कानाने पकडली त्याच्याशी खोटं बोलायचा मिथुनला धीर होईना.

"गेम, काका," तो म्हणाला. "याच्याहून जड याच्यावर काही लागत नाही."

चांगदेवने डब्यावरचा हात काढून घेतला. एकीकडे खेळ नको ही अट, दुसरीकडे जड माल लावल्याशिवाय घ्यायचं नाही हा नियम, आणि दोन्ही त्याचीच. शेवटी नियम जुना म्हणून जिंकला. तपासणीपुरता लाव, म्हणाला, एक तास सलग, पुरी शिफ्ट मी सोडली तुला. मिथुनला प्रिंटरवाली गिऱ्हाइकं होती, तेव्हा चांगदेवने नातीला खुर्ची दाखवली. बस गो बाय, बटणं तर दाबायची हायेत नुसती.

उन्नती बसली. मनाशी ठरवलं की असं खेळायचं, की बघणाऱ्याला दया यावी. पहिल्या डावात विमानातून उडी मारली ती थेट समुद्रात जाऊन बुडाली. दुसऱ्यात अर्ध्या मिनिटात गोळी खाल्ली. तिसऱ्यात तर स्वतःच्याच पायाशी बॉम्ब टाकला. मिथुनने तोंड फिरवून हसू दाबलं. दर वेळी ती मेली की पडदा थांबायचा आणि डब्यातल्या पंख्याचा आवाज खाली बसायचा, आणि चांगदेव हात उचलून म्हणायचा, "माल तुटला. पहिल्यापासून."

चौथ्यांदा माल तुटल्यावर त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पिशवी उचलली. मिथुनला म्हणाला की तुझा दोष नाही, पण माल टिकतच नाही तर मशीन कशी आहे ते मला कळणार कसं? न तपासलेली वस्तू मी घेत नाही. त्यापेक्षा जानकीबाईंच्या भावाकडे जुना लॅपटॉप पडून आहे, तो अकरा वर्षं चालवून बघितलेला आहे, तोच आणू.

तो लॅपटॉप उन्नतीला माहीत होता. त्याची सात बटणं नव्हती, आणि चालू व्हायला लागे तेवढ्यात चहा करून पिऊन होई. आता दोनच वाटा. वाईट खेळून तो लॅपटॉप पदरात घ्यायचा, नाहीतर नीट खेळून स्वतःचं पितळ उघडं पाडायचं आणि मग कॉम्प्युटर मिळतो की नाही ते नशिबावर सोडायचं. चांगदेव दुकानाची पायरी उतरायला लागला तशी ती म्हणाली, "आजोबा, अजून एकदा बघू का?"

पाचवा डाव सुरू झाला. उन्नती बेटावर उतरली, धावत एका घरात शिरली, बंदूक उचलली, आणि खिडकीतून पहिल्या दोघांना टिपलंसुद्धा. पंखा चढला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. प्रिंटरवालं गिऱ्हाईक मागे येऊन उभं राहिलं. मिथुन स्क्रू तोंडात धरून बघत होता. उन्नतीला एकाच गोष्टीची धास्ती, आजोबा कुठे बघतायत. तिने हळूच मान वळवली. चांगदेव पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या बोटांकडे बघत होता, सुताची तुटलेली तार चालत्या लूमवर जोडणाऱ्या कारागिराच्या बोटांकडे बघावं तसा. दोन दिवसांची बोटं कुठली आणि दोन वर्षांची कुठली, हे त्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

तिचं तोंड उतरलं, पण हात थांबले नाहीत. थांबून आता उपयोगही नव्हता. तो डाव जिंकली, पुढचा जिंकली. मधल्या वेळात पंखा खाली बसायच्या आत नवा डाव लावला, आणि चांगदेवने तेवढा खंड माफ केला. तिसरा शेवटपर्यंत नेला आणि अगदी शेवटच्या दोघांत एका पत्र्याच्या शेडजवळ गोळी खाल्ली. तास भरला होता. चांगदेवने डब्यावर हात ठेवला. कोमट. परत कान लावला. मग म्हणाला, बांधा. यूपीएस पण द्या, आमच्याकडे लाइट जाते.

रिक्षात मॉनिटरचं खोकं उन्नतीच्या मांडीवर, डबा दोघांच्या मध्ये, बाकीचं पायाशी. चांगदेव बोलत होता, पण भलतंच. रस्त्याला किती खड्डे, मानकोलीला किती गोडाऊन झाली, या रिक्षाच्या मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग जाणार आहे, हे रिक्षावाल्याला हिंदीत समजावून झालं. खेळाबद्दल एक अक्षर नाही. उन्नतीला ओरडा परवडला असता, हे बेअरिंगचं बोलणं परवडेना. घरी जाऊन आजीसमोर निकाल लागणार, आणि उद्या सकाळी ही सगळी खोकी याच रस्त्याने परत, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. खारबावची वेस दिसली तसं तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. रियाकडचे रविवार, तासभराची स्टडी, मांगूर, फोनवर मिथुनशी केलेलं ठरवाठरवीचं बोलणं. आणि मग खोक्यावर हनुवटी टेकून विचारलं की आता हे परत नेणार का?

चांगदेवने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, तिच्याकडे नीट वळून बसला आणि म्हणाला, "परत न्यायचं मंग बघू गो. आधी सांग, त्या पत्र्याच्या शेडमागं हिरवी टोपी घालून एक जण बसला व्हता, तो तुला दिसला व्हता का न्हाय? तुझ्या कानाशी दोनदा खोकलो ना मी."