मिहानमधला जाणकार

बायकोचा धाकटा भाऊ मिहानच्या आयटी वसाहतीतल्या एका कंपनीत कामाला आहे, म्हणून आमच्या खानदानात कॉम्प्युटरबद्दल शेवटचा शब्द त्याचा. तिथे तो नेमकं काय करतो, हे कोणी विचारलेलं नाही. रामटेकच्या शेताचा सातबारा काढताना माझा ब्राउझर अडकत होता, तर या शहाण्याने तो रीसेट केला. त्यानंतर जी साइट उघडावी तिथे एकच इशारा: सर्टिफिकेट चालत नाही, साइट असुरक्षित आहे.

"सरकारचंच सर्टिफिकेट खराब हाये, भाऊजी," तो म्हणाला. पण बातम्यांची साइटही उघडेना. मग त्याने आणखी दोनदा रीसेट केलं, वायफाय बंद-चालू केलं आणि दोन कप चहा ढोसला. इशाऱ्याखाली 'तारीख तपासा' असं स्वच्छ लिहिलं होतं. पण वाचतील ते जाणकार कसले?

शेवटी बायकोने चष्मा लावून ते वाचलं. "यात तं दोन वर्षं मागची तारीख दिसून राहिली गा," ती भावाला म्हणाली. कॉम्प्युटरची तारीख आजची केली आणि सातबारा निघाला.

ती तारीख मीच मागे नेली होती, मराठी टायपिंगच्या फुकट ट्रायलची मुदत संपू नये म्हणून. लागणाऱ्या साइट्सना, इशारा आला तरी उघडायची परवानगी तेव्हाच ब्राउझरमध्ये देऊन ठेवली होती, ती रीसेटमध्ये पुसली गेली. हे मी त्याला सांगितलं नाही. तो गेल्यावर मी तारीख पुन्हा मागे नेली.

बायको मागेच उभी होती. "उद्या पुन्हा त्यालेच बोलावजा," ती म्हणाली.